निरंक

गेल्या फेब्रुवारीत घराला रंग द्यायचा होता म्हणून दिवाणखान्यातलं काचेचं कपाट मी रिकामं करत होते, आणि तो दगड माझ्या हातून पडला. फार उंचावरून नाही, कमरेएवढ्या उंचीवरून, फरशीवर. आवाज दगड पडल्यासारखा झालाच नाही. कपबशी फुटावी तसा बारीक, किणकिणता झाला. दोन तुकडे आणि मूठभर चुरा. घरात कुणी नव्हतं. मी खाली बसले आणि मोठा तुकडा उचलून आत पाहिलं. सत्तेचाळीस वर्षं हा दगड मी बाहेरून ओळखत होते. वीतभर उंच, बुडाशी मनगटाएवढा जाड, वर बोथट, रंग जुन्या हस्तिदंताचा, अंगावर मेणबत्तीचे ओघळ असावेत तशा वळ्या. आतून तो मला ठाऊकच नव्हता. तिरपा चिरला गेला होता आणि चिरेत थर दिसत होते, एकात एक पालथ्या घातलेल्या वाट्यांसारखे. दुधाळ, मग मधाच्या रंगाचा, मग पुन्हा दुधाळ. काही केसासारखे बारीक, काही नखाएवढे रुंद. खिडकीतून ऊन येत होतं आणि चिरेतला कण न् कण चमकत होता. बुडापासून निम्म्याहून थोड्या वरच्या अंगाला एक रेघ होती, गडद तपकिरी, पेन्सिलीनं ओढल्यासारखी. रेघेच्या खालचे थर एका बाजूला कललेले आणि वरचे किंचित दुसऱ्या बाजूला.

त्या रेघेनं मला पुढे कित्येक दिवस स्वस्थ बसू दिलं नाही.

दगड आमच्याकडे आला तो १९७८ च्या जानेवारीत. काका तेव्हा बस्तरमधल्या जगदलपूरला नोकरीला होते आणि आम्ही सगळे त्यांच्याकडे गेलो होतो. मी नऊ वर्षांची. कांगेर खोऱ्याचं राष्ट्रीय उद्यान व्हायला अजून चार वर्षं होती. जंगलातला जीपचा रस्ता, एक वाटाड्या आणि दोन पेट्रोमॅक्स, एवढ्या तयारीवर आम्ही कोटुमसरच्या गुहेत उतरलो. तोंड इतकं अरुंद की मोठ्या माणसांना अंग तिरकं करावं लागलं. बाहेर हुडहुडी भरली होती आणि आत मात्र कोंदट ऊब, भाताचं पातेलं नुकतंच उतरवलेलं असावं तशी. आईच्या चष्म्यावर वाफ धरली. पेट्रोमॅक्सचा सूं सूं आवाज भिंतींवर आपटून परत येत होता, आणि तो जरा दूर गेला की थेंब ऐकू यायचे. प्रत्येक थेंबाचा सूर निराळा. डबक्यात पडणारा भरीव, ओल्या दगडावर पडणारा चपटा, आणि कुठे लांबवर एक, इतक्या वेळानं पडणारा की दोन थेंबांच्या मधे मी श्वास धरून थांबत होते. वाटाड्यानं एका डबक्यात फिकट पांढुरके मासे दाखवले आणि म्हणाला, यांना दिसत नाही. छतातून लटकणारे आणि जमिनीतून उगवणारे खांब पाहून मोठी माणसं त्यांत हत्ती, जटा, पिंडी शोधत होती. कुणी काठीनं खांब वाजवून पाहत होतं. निघताना बाबांनी एक मध्यमसा दगड उचलला, एका लहान खांबाच्या बुडाशी दोनदा ठोकला, हातानं हलवून तो सुटा केला आणि रुमालात गुंडाळला. त्यांना कुणी हटकलं नाही, कुणाला त्यात हटकण्यासारखं काही वाटलंही नाही. आमच्या आधी आलेल्यांनीही तेच केलं होतं. वाटेत कितीतरी ठिकाणी नुसतीच थुटं उरली होती. परतीच्या वाटेवर जीपमध्ये दगड माझ्या मांडीवर होता. ताईच्या भूगोलाच्या पुस्तकात याला लवणस्तंभ म्हणतात हे मला माहीत होतं, म्हणून कुणाचं लक्ष नसताना मी तो चाटून पाहिला. खारट लागेल असं वाटलं होतं. चव कसलीच नव्हती. जिभेला नुसता गारवा लागला आणि थोडी खरखर.

आता मला जे सांगायचं आहे ते बाबांच्या नोकरीशिवाय कळणार नाही. ते पाटबंधारे खात्यात होते आणि ऐन उमेदीची बरीच वर्षं धरणाच्या कामावरच्या वसाहतींमध्ये गेली. तिथे आवारात तारेचं कुंपण घातलेल्या चौकोनात पर्जन्यमापक असे. रोज सकाळी साडेआठला त्यातली बाटली काढायची, पाणी मापाच्या काचेच्या नळीत ओतायचं, डोळे पाण्याच्या पातळीला आणून आकडा वाचायचा आणि रजिस्टरात लिहायचा. हे काम त्यांनी शिपायावर सहसा सोपवलं नाही. सुट्टीच्या दिवशी मी सोबत जायची. अडीच मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला तरच तो 'पावसाचा दिवस' धरायचा, हे मला पाढ्यांच्याही आधी पाठ होतं. पाऊस नसला तरी साडेआठ चुकायचे नाहीत. बाटली कोरडी आहे हे पाहायचं, ती परत ठेवायची आणि रजिस्टरात लिहायचं: निरंक. मे महिन्याच्या पानावर तीसच्या वर निरंक एकाखाली एक उभे असत, सगळे त्याच टाकानं, त्याच काळजीनं लिहिलेले. मी एकदा म्हटलं होतं, बाबा, काहीच नसेल तर चौकट मोकळी सोडली तर काय होतं? ते म्हणाले, "मोकळी चौकट म्हणजे माणूस आला नव्हता. निरंक म्हणजे माणूस आला होता, पाऊस आला नव्हता."

बहात्तर सालची त्यांची पानं मी पाहिलेली नाहीत. ती खात्यात राहिली. पण त्या वर्षीच्या जुलैबद्दल ते एवढंच सांगतात की निरंक लिहिताना हात जड व्हायचा.

दगड फुटल्यावर मी वाचायला लागले. आधी सहज, मग रोज रात्री, मग समोर वही घेऊन. गुहेतल्या त्या थेंबाचा प्रवास मला आता पाठ आहे आणि तरी दर वेळी नव्यानं नवल वाटतं. पाऊस जंगलाच्या मातीत मुरतो. तिथे मुळं आणि सूक्ष्मजीव सतत श्वास सोडत असतात, म्हणून मातीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट. तो पाण्यात विरघळतो, पाणी किंचित आंबट होतं, आणि चुनखडीच्या भेगांतून उतरता उतरता दगड थोडा थोडा विरघळवून सोबत घेतं. गुहेच्या छताशी आलं की त्याला मोकळी हवा मिळते. सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तसंच होतं, वायू निघून जातो, आणि पाण्याला विरघळलेला चुना पेलवेनासा होतो. मग तो मागे राहतो, काही छताला, काही थेंब जिथे आपटतो तिथे जमिनीवर. छताला लटकतात त्यांच्या गाभ्यात सहसा पाण्याची बारीक नळी असते. आमच्या दगडाच्या चिरेत नळी नव्हती. म्हणजे तो खालून वर उगवलेला, पुस्तकातला ऊर्ध्वमुखी. असा दगड मिलिमीटरभर वाढायला कुठे दहा वर्षं लागतात, कुठे शंभर. आमचा वीतभर आहे. मी हिशेब केला आणि वही मिटून ठेवली. दोन हजार वर्षं, कदाचित वीस हजार. बाबांचे दोन ठोके.

पण वय ही यातली छोटी गोष्ट. दगडात पाऊस लिहिलेला असतो, आणि तो कसा लिहिला जातो हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही. पाण्यातले ऑक्सिजनचे अणू सगळे एका वजनाचे नसतात. हजारात साधारण दोन जड असतात, ऑक्सिजन-१८. ढगातून पाणी पडतं तेव्हा जड अणू असलेलं पाणी आधी सुटतं. पाऊस जितका जोराचा आणि जितका लांबवर पडत आलेला, तितकं ढगात उरलेलं पाणी हलकं होत जातं. म्हणून ज्या वर्षी मोसमी पाऊस भरभरून येतो त्या वर्षीच्या पाण्यात जड ऑक्सिजनचं प्रमाण कमी, आणि ओढ दिलेल्या वर्षी जास्त. हा फरक हजारात एखाद-दोन भागांचा. तेच पाणी मुरून गुहेत येतं, चुन्याबरोबर आपला ऑक्सिजन दगडात ठेवून जातं, आणि वरून पुढचा थर बसला की ती नोंद बंद होते. संशोधक दगड उभा चिरतात, दातांच्या डॉक्टरांकडे असतो तसल्या बारीक ड्रिलनं थराथरातून चिमूटभरही नाही अशी पूड काढतात आणि यंत्रात तिचे अणू वजनावारी वेगळे करून मोजतात. एका दगडातून अशा शेकडो, कधी हजारो पुडी. बाबांच्या मापाच्या नळीत आणि या पुडीत मला फार अंतर वाटत नाही. दोन्हीकडे कुणीतरी वाकून, डोळा पातळीला आणून, एक आकडा लिहून घेतंय.

तारीख कशी कळते, हा माझा पुढचा प्रश्न होता. कारण तारीख नसलेल्या आकड्याला आमच्या घरात किंमत नव्हती. झिरपणाऱ्या पाण्यात युरेनियम किंचित विरघळतं, थोरियम जवळपास विरघळतच नाही. त्यामुळे थर बसतो त्या क्षणी त्यात युरेनियम असतं आणि थोरियम नसतं. म्हणजे थराचा जन्म होतो तोच मुळी एक निरंक घेऊन. मग युरेनियमचा क्षय होत होत थोरियम-२३० जमत जातं, आणि ते किती जमलं यावरून किती काळ लोटला ते मोजता येतं. या घड्याळावर सहा लाख वर्षांपर्यंत मागे जाता येतं. चीनमधल्या गुहांतले दगड एकापुढे एक जोडून तिथल्या मोसमी पावसाची सहा लाख चाळीस हजार वर्षांची कहाणी २०१६ मध्ये मांडली गेली. ओमानमधल्या कुन्फ गुहेतल्या दगडानं सांगितलं की दहाएक हजार वर्षांपूर्वी अरबी समुद्रावरचा मोसमी पाऊस आजच्यापेक्षा कितीतरी जोमदार होता आणि पृथ्वीचा आस डुलत गेला, उत्तरेकडचा उन्हाळा सौम्य होत गेला, तसा तो हळूहळू क्षीण झाला. मात्र दगड स्वच्छ हवा. थरात माती मिसळली असेल तर तिच्याबरोबर बाहेरचं थोरियम येतं आणि घड्याळ बिघडतं.

माती. म्हणजे माझी ती तपकिरी रेघ.

अशी रेघ कशी पडते ते कळलं तेव्हा मी उठून कपाटापाशी गेले आणि दगड पुन्हा हातात घेतला. थेंब थांबतो, वाढ थांबते, दगडाच्या माथ्यावर धूळ बसते, गाळ बसतो. मग केव्हातरी थेंब पुन्हा सुरू होतो आणि नवा थर थेट त्या धुळीवर चढतो. मधल्या काळासाठी दगडात जागा सुटत नाही. रजिस्टरात निदान मोकळी चौकट दिसते. इथे चौकटच नसते. वाटी वाटीवर चपखल बसलेली, आणि मधल्या केसभर रेघेत दहा वर्षं असतील, नाही तर हजार. आणि थेंब का थांबला हेही रेघ सांगत नाही. पाऊसच आटला असेल. किंवा छतातली एखादी भेग बुजून पाणी दोन हात पलीकडून ठिबकायला लागलं असेल, आणि पावसाचं सगळं ठीकच चाललं असेल. किंवा उलट एवढा पूर आला असेल की गुहा भरली आणि गाळ बसला. माणूस आला नव्हता की पाऊस आला नव्हता? बाबांनी मला नवव्या वर्षी शिकवलेला फरक दगडाला करता येत नाही. म्हणून एका दगडावर कुणी विश्वास ठेवत नाही. दुसरा लागतो, तिसरा लागतो, जमलं तर दुसऱ्या गुहेतला लागतो, आणि सगळे एकाच सुमारास गप्प झाले असतील तरच म्हणायचं, त्या काळात पाऊस नव्हता.

कोटुमसरच्याच कांगेर खोऱ्यात दंडक नावाची गुहा आहे. अहमदाबादच्या फिजिकल रिसर्च लॅबोरेटरीतल्या एम. जी. यादव आणि आर. रमेश यांनी तिथल्या दगडांवर काम करून २००५ मध्ये हजारो वर्षांचा आलेख मांडला. मग २००७ मध्ये आशिष सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्याच एका दगडातून इसवी सन ६०० ते १५०० अशी नऊशे वर्षं बारकाईनं वाचली. बस्तरचा पाऊस वाचण्याला मोल यासाठी की मध्य भारतात पाऊस कसा झाला यावरून साऱ्या देशाचा मोसम कसा गेला याचा बराचसा अंदाज येतो. त्या आलेखात चौदाव्या शतकात आणि पंधराव्याच्या मध्यावर रेषा वर सरकते, जड ऑक्सिजनच्या बाजूला, आणि दशकानुदशकं खाली यायचं नाव घेत नाही. आमच्या आजीच्या तोंडी दुर्गाडीचा दुष्काळ असा शब्द असायचा. कुणी फार खादाड वागलं की ती म्हणायची, दुर्गाडीतून आलास का रे? तो म्हणजे दुर्गादेवीचा दुष्काळ, १३९६ ला सुरू झालेला आणि बारा वर्षं चालला असं सांगतात तो. दख्खनची गावंच्या गावं उठली. मला तो शब्द आजीच्या बोलण्यातली एक गंमत म्हणूनच माहीत होता. दंडकच्या आलेखावर तो जिथे येतो तिथे मी बोट ठेवलं आणि आजीचा आवाज स्पष्ट आठवला. सहाशे वर्षांच्या तोंडी आठवणीनं जे जपलं ते आणि बस्तरच्या अंधारात थेंबाथेंबानं जे साचलं ते एका जागी येऊन भेटत होतं.

आपल्या दख्खनमध्ये असा पुरावा मिळणं कठीण. आपला कातळ बसाल्टचा, त्याला पाणी असं विरघळवत नाही. आपल्याकडच्या गुहा म्हणजे लेणी, माणसांनी छिन्नीनं कोरलेली. पावसाळ्यात त्यांच्याही छतातून पाणी ठिबकतं, मी कितीतरी लेण्यांत त्या थेंबांखाली ओंजळ धरली आहे, पण ते पाणी वाहून जातं. आपल्या दुष्काळाची साक्ष दुसऱ्यांच्या डोंगरात आहे याचं मला थोडं वाईट वाटतं, आणि मग वाटतं, ढगांना कुठे शीव होती.

सगळ्यात नावाजलेला दगड मात्र मेघालयातला. सोहराजवळची मावम्लुह गुहा, खासी भाषेत क्रेम मावम्लुह. चेरापुंजी म्हणून आपण जे पाठ केलं ते हेच सोहरा, जिथे १८६० च्या ऑगस्टपासून पुढच्या जुलैपर्यंत २६,४६१ मिलिमीटर पाऊस मोजला गेला होता. हा आकडा बाबांना तोंडपाठ आहे आणि तो ते मिलिमीटरपर्यंत बिनचूक सांगतात. त्या गुहेतल्या एका दगडात सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस खालावल्याची खूण सापडली, आणि २०१८ मध्ये भूशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं तिथून पुढच्या, म्हणजे आपल्याही काळाला मेघालयन हे नाव दिलं. पृथ्वीच्या इतिहासातल्या एका कालखंडाची सुरुवात त्या दगडातल्या एका थरापाशी ठरवलेली आहे. पुढे त्याच गुहेतले आणखी दगड वाचले गेले तेव्हा गोष्ट तेवढी सरळ राहिली नाही. पाऊस एका झटक्यात गेला आणि दोनशे वर्षं परतलाच नाही, असं चित्र त्यांत दिसेना. उत्तराखंडच्या धरमजाली गुहेतल्या दगडाचा अभ्यास २०२३ मध्ये आला. त्यात त्या सुमारास तीन लांबलेले कोरडे काळ दिसतात, २५ ते ९० वर्षांचे, मधे मधे पाऊस परतलेला. हडप्पाची मोठी नगरं याच शतकांमध्ये ओस पडत गेली. हे मी वाचलं तेव्हा दोनशे वर्षांच्या सलग दुष्काळापेक्षा हेच मला जास्त भयंकर वाटलं. माणूस सलग कोरडं पडलं तर निघून जातो. मधे चार वर्षं बरी गेली की तो थांबतो, बी राखतो, मुलीचं लग्न ठरवतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती वाचून मी बाबांना लगेच सांगितली नाही. आपल्या देशाच्या पावसाची यंत्रांनी मोजलेली सलग मालिका साधारण १८७१ पासूनची. म्हणजे दीडशे वर्षं. धरणं, कालवे, पिकांची पाळी, शहरांचं पाणी, सगळं त्या दीडशे वर्षांच्या आकड्यांवर बेतलेलं. बाबांनी आयुष्यभर जी कोष्टकं वापरली ती तर त्याहून लहान. दगड सांगतात की त्याआधीच्या हजार वर्षांत अनेकदा पाऊस दशकं न् दशकं रोडावलेला होता, इतका लांब ओढीचा काळ या दीडशे वर्षांत आपण पाहिलेलाच नाही. दुष्काळ पाहिले, भयंकर पाहिले, पण ते एक-दोन, फार तर तीन वर्षांचे. धरणाची उंची ठरवताना हे दगड कुणाच्या टेबलावर नव्हते.

एक होता. आमच्या कपाटात, बाहुलीच्या आणि पितळी हत्तीच्या मधे.

माझी चीड सगळी स्वतःवर आणि बाबांवर काढून मोकळं व्हावं, इतकं हे सोपंही नाही. दगड वाचणारेसुद्धा तो कापतातच. वीस हजार वर्षं उभं असलेलं काहीतरी करवतीखाली घालायचं, त्याच्या थराथरातून पूड काढायची, हे त्यांनाही सोपं जात नसावं. आता कितीतरी जण आधीच पडलेले, मोडलेले दगड शोधतात, पूर्ण खांब न काढता बारीक गाभा काढून भोक बुजवतात, काही जण तर काढलेल्या दगडाची हुबेहूब प्रतिकृती गुहेत परत बसवतात. त्यांनी तोडलेल्या दगडातून दुर्गादेवीचा दुष्काळ बाहेर आला. आमच्या दगडानं सत्तेचाळीस वर्षं धूळ खाल्ली. तोडणं दोन्हीकडे सारखंच, आणि तरी सारखं नाही. मला यातलं कुठलं वाक्य शेवटचं मानावं ते अजून ठरवता आलेलं नाही.

मार्चमध्ये धीर करून मी या विषयात काम करणाऱ्या एकांना पत्र लिहिलं. दगडाचं वर्णन केलं, चिरेचे फोटो पाठवले, आणि विचारलं की याचा काही उपयोग होईल का. उत्तर आठ दिवसांनी आलं, लांबलचक आणि प्रेमळ. गुहेतली नेमकी जागा माहीत नाही, वरच्या छताची जाडी माहीत नाही, आसपासचे थेंब कसे होते ते माहीत नाही. अशा एकट्या दगडावर फार काही उभं करता येत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. पण दोन्ही तुकडे आणि चुराही जपून ठेवा, चिकटवू नका, धुऊ नका. आणि शेवटी एक प्रश्न होता: तो तोडला तेव्हा त्याच्यावर पाणी पडत होतं का? पडत असेल तर दगड त्या दिवसापर्यंत जिवंत होता, आणि सगळ्यात वरच्या थराची तारीख आपल्याला मोजल्याशिवायच मिळते. कोरडा असेल तर तो कधी थांबला ते सांगता येत नाही.

बाबा आता एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत. ऐकायला कमी येतं, पण आठवण लख्ख आहे. दगड फुटल्याचंही मी त्यांना तोवर सांगितलं नव्हतं. जून उजाडला, पहिला पाऊस येऊन गेला, आणि एका सकाळी त्यांचा चहा झाल्यावर मी दोन्ही तुकडे त्यांच्यासमोर टेबलावर ठेवले आणि सगळं सांगितलं. थेंब, ऑक्सिजन, थोरियम, दंडक, दुर्गाडी. त्यांनी मधे काही विचारलं नाही. चष्मा बदलला, भिंग मागवलं, मोठा तुकडा खिडकीकडे धरला आणि बराच वेळ थर बघत राहिले. तपकिरी रेघेवर त्यांचं नख थांबलं. मग म्हणाले, "हे मला तेव्हा माहीत असतं तर." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

मी विचारलं, "बाबा, तुम्ही तोडलात तेव्हा तो ओला होता का? आठवतंय?"

"ओला होता," ते लगेच म्हणाले. मग त्यांना वाटलं असावं की लगेच दिलेलं उत्तर खात्रीचं नसतं, म्हणून थांबले. डोळे मिटले. उजव्या हातानं डावं मनगट धरलं. "हलवायला हात घातला तेव्हा घड्याळावर थेंब पडला. एकदा नाही, दोनदा. काचेखाली वाफ धरली होती, दुसऱ्या दिवशी तुझ्या काकानं ते जगदलपुरात घड्याळजीकडे नेलं. माथा ओला होता. हाताला गुळगुळीत लागला."

मी म्हटलं, मी लिहून घेते. त्यांनी मान हलवली आणि माझ्या हातातला कागद स्वतःकडे ओढला. अक्षर आता थोडं कापतं, पण वळण तेच आहे. कोटुमसर, असं लिहिलं. पुढे, जानेवारी १९७८. तारखेपाशी थांबले, मला विचारलं, मला आठवत नव्हती. मग त्यांनी लिहिलं: तारीख निश्चित नाही. खाली: माथा ओला, थेंब चालू. मोठ्या तुकड्याचं चित्र काढलं, थेंब पडायचा त्या टोकाकडे बाण केला, रेघेची जागा बुडापासून पट्टीनं मोजून मिलिमीटरमध्ये टिपली. चुरा एका वेगळ्या पाकिटात भरायला लावला आणि पाकिटावरही तेच लिहिलं. मग रजिस्टरात करत असत तशी उजव्या कोपऱ्यात सही केली. पेन टोपणात घालता घालता पुन्हा काढलं, आणि सहीच्या पुढे एक शब्द लिहिला: तोडणारा.